केसरबाईचा हात

सदुसष्ट सालच्या जूनमध्ये अन्नपूर्णा सुरडकर मेहकरच्या नव्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागली. चिखलीच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली मुलगी, नागपूरला एम. ए. झालेली, वय सव्वीस. कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात वर्ग भरायचे आणि पावसाळी दिवसांत भिंतींना अजून सरकीचा वास यायचा. समोर पन्नास-साठ मुलगे आणि भिंतीला धरून बसलेल्या चार मुली. वर्गात पाय ठेवण्याआधी ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरायची.

सुरुवातीला तिने पुस्तकातलं शिकवलं. राज्य म्हणजे काय, त्याला भूप्रदेश लागतो, लोकसंख्या लागते, शासन लागतं, सार्वभौमत्व लागतं. मुलं मान खाली घालून उतरवून घेत. कोणाच्या चेहऱ्यावर काही हलत नसे. एक दिवस तिने पुस्तक मिटलं.

"आज सत्ता म्हणजे काय ते पाहू," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही सांगा. तुम्ही कोणाला भिता?"

वर्गात खसखस पिकली. मागून एकजण म्हणाला, "बाई, मी माह्या बापाले भेतो." दुसरा म्हणाला, "फौजदाराले." कोणी तलाठ्याचं नाव घेतलं, कोणी पैनगंगेच्या डोहातल्या भुताचं. हसणं वाढत गेलं. अन्नपूर्णाला पहिल्यांदाच वर्ग आपल्या हातात आल्यासारखं वाटलं. तिने मुलींकडे पाहिलं. "तुम्ही सांगा ना."

पंचफुला गवई उभी राहिली. जानेफळच्या पलीकडच्या कवठगव्हाणची, बौद्ध वस्तीतली. मेहकरला मावशीकडे राहून शिकायची. एरवी तोंडातून शब्द न काढणारी ही मुलगी स्पष्ट आवाजात म्हणाली, "हिंमतराव पाटलाले."

कोणी हसलं नाही. तिसऱ्या बाकावरच्या जानरावने हातातला पेन खाली ठेवला. तो हिंमतरावांचा पुतण्या होता. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाईंना नव्हतं.

"कोण हे?" अन्नपूर्णाने विचारलं.

"आमच्या गावचे सरपंच."

चालून आलेलं उदाहरण पाहून अन्नपूर्णा खुलली. ती म्हणाली, "बघा, फौजदाराला आपण भितो, कारण त्याच्यामागे कायदा उभा असतो. त्याला म्हणायचं अधिकार. पण एखाद्या माणसाला कायद्याने दिलंय त्याच्यापेक्षा जास्त आपण भीत असू, तर ती नुसती सत्ता. अशा सत्तेपुढे भिणाऱ्या माणसालाही आपलं मत देता यावं, म्हणून नियम लिहिलेले असतात." मग तिने सरपंचाची निवड कशी होते ते सांगितलं. गावाने निवडून दिलेले सभासद बसतात, अधिकारी येतो, बहुतेक वेळा हात वर करून मतं मोजतात. पण एखाद्या सभासदाने मागणी केली, तर चिठ्ठीने गुप्त मतदान घ्यावं लागतं.

"एकानं मागतलं तरी?" पंचफुलाने विचारलं. ती अजून उभीच होती.

"एकानेही."

जानराव मागे वळून पंचफुलाकडे पाहत राहिला. तास संपल्यावर तो सायकल घेऊन निघून गेला.

पंचफुला गोदामाच्या दारात थांबली होती. सगळे गेल्यावर तिने हळूच सांगितलं. पंचफुलाची आई, केसरबाई, कवठगव्हाणच्या पंचायतीत बायांच्या राखीव जागेवर सभासद होती. हिंमतरावांनीच तिला उभं केलं होतं. त्यांच्या वावरात निंदण-खुरपण करणारी बाई, सांगितलं तिथे हात वर करील, एवढाच हिशेब. आता येत्या सोमवारी सरपंचाची निवड होती. पंचायतीत नऊजण. चार हिंमतरावांकडे, चार त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या अर्जुनरावांकडे, आणि नववा हात केसरबाईचा.

"मायचं मन पाटलाकडे नाही," पंचफुला म्हणाली. "वस्तीसाठी सरकारनं विहीर मंजूर केल्ती. पाटलानं ते आपल्या वावरात खंदली. आमच्या बाया अजून नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणतात. अर्जुनराव काही लय मोठे देव नाहीत, पण वस्तीत विहीर खंदून देतो असं त्याइनं चार माणसांसमोर म्हटलं. पण हात वर करा लागला, तर माय काय करीन? गुलाबराव मामानं विहिरीचा अर्ज केल्ता तर त्याचा गोठा जळाला. बैल आतच होता बाई."

"कोणी जाळला?"

पंचफुलाने मागे रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चिठ्ठी मागता येते, हे खरं हाय ना? मी मायले सांगू?"

"सांग," अन्नपूर्णा म्हणाली. तो शब्द तोंडातून गेला, आणि तिला वाटलं, आपण थोडं थांबायला हवं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला तिच्या खोलीपुढे जीप थांबली. खोलीत ती आणि तिची आई दोघीच राहत. दारात उभा असलेला माणूस उंच, पांढऱ्या धोतरातला, गळ्यात उपरणं. मागे जानराव खाली मान घालून उभा.

"मी हिंमतराव," तो माणूस म्हणाला. "म्हटलं, पोरांच्या बाईले भेटून याव."

आईने घाईघाईने सतरंजी झटकली, चहा ठेवला. हिंमतरावांनी बसून खोली पाहिली, पुस्तकं पाहिली, आईला तब्येत विचारली. आवाज अगदी मऊ. कॉलेजच्या कमिटीत त्यांचे व्याही होते, हे त्यांनी असंच बोलता बोलता सांगितलं. तुमची नेमणूक एका वर्षाचीच आहे ना, हेही विचारलं.

"काय शिकवून राह्यल्या बाई पोरांले?"

"जे अभ्यासाला आहे तेच," अन्नपूर्णा म्हणाली.

"अभ्यासात माहं नाव हाय काय?" हिंमतराव हसले. "नाही, चांगली गोष्ट हाय. पण ते गवयाची पोट्टी समजते कमी, बोलते जास्त. तिले उद्या सांगा, चिठ्ठीचं तुमचं चुकलं म्हणून. गावात हातच वर होतात. एवढंच."

चहा पिऊन ते उठले. दारात थांबून आईकडे वळले. "मायबाई, बाजाराले एकट्या जाता काय तुमी? जरा पाहून जात जा. गाड्याघोड्याचा रस्ता हाय."

जीप गेली. आई चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "अन्ने, काय केलं वं तू? तो माणूस माह्या पायाकडे पाहत होता." अन्नपूर्णाने दाराला कडी घातली. रस्त्याने मोटार गेली की दोघी बोलायच्या थांबत.

सकाळी ती ठरवूनच कॉलेजात गेली. तास सुरू व्हायच्या आधी तिने पंचफुलाला बाजूला घेतलं.

"हे बघ, ते चिठ्ठीचं मी म्हटलं होतं... तसा नियम आहे, पण अधिकाऱ्यावर असतं पुष्कळ. हात वर करूनही घेतात. तुझ्या आईने उगाच..."

पंचफुला तिच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. हे होणारच, अशी जुनी ओळख होती त्यात.

"तुमच्या घरी कोणी आलं होतं काय बाई?"

अन्नपूर्णाला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "आले होते. माझ्या आईला बोलले ते. मला भीती वाटून राहिली पंचफुला." मग भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "नियम खरा आहे. पहिल्या दिवशी सांगितला तसाच. एकाने मागितलं तरी द्यावी लागते."

"मायलेही लय भेव वाटते," पंचफुला म्हणाली. "मी घरी जाऊन सांगतलं, तवापासून ते नीट जेवत नाही. म्हणते, माहं तोंडच उघडणार नाही तिथं. बाई, तुमी सोमवारी येता काय? बोलू नका काही. नुसतं शाळेच्या ओट्यावर उभ्या राहा. मायले खिडकीतून दिसल्या तरी झालं."



*

सोमवारी तिने कॉलेजात रजेचा अर्ज दिला. आईला चिखलीच्या गाडीत बसवून भावाकडे पाठवून दिलं आणि खामगावच्या एस. टी.त चढली. जानेफळ गेल्यावर फाट्यावर उतरली. फाट्यापासून कवठगव्हाणची वाट कपाशीच्या वावरांतून जात होती. पऱ्हाटी गुडघ्याएवढीच होती, पण मागून सायकलचा आवाज आला की तिला वाटे, आता कोणी थांबवेल. सायकलवाला नुसता पाहून पुढे गेला. थोडं पुढे जाऊन उतरला, आणि ती जवळ येईपर्यंत चाक तपासत राहिला. ती शेजारून गेली तेव्हा त्याने विचारलं, "कोणाकडे?" ती चालत राहिली. पाय पळायला लागू नयेत म्हणून तिला जपावं लागत होतं.

गावच्या शाळेपुढे माणसं जमली होती. हिंमतरावांची माणसं ओट्यावर, खिडक्यांना टेकून. अर्जुनरावांची लिंबाखाली. बौद्ध वस्तीतले दोघे-तिघे पार दूर, कुंपणाजवळ. पंचफुला त्यांच्यात होती. अन्नपूर्णाला पाहून ती पुढे आली आणि तिचा हात धरला. मुलीची बोटं गार होती.

"बाईमाणसाचं काय काम इथं?" ओट्यावरून कोणीतरी म्हणालं. अन्नपूर्णा तशीच चालत जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. खिडकीला टेकलेला माणूस हलला नाही. त्याच्या हातात काठी होती. ती काठीकडे न पाहता आत पाहू लागली.

आत नऊजण बसले होते. टेबलापाशी मेहकरहून आलेले नायब तहसीलदार, घामाने कॉलर भिजलेले, सारखे घड्याळ पाहणारे. केसरबाई सगळ्यांपासून वेगळी, कोपऱ्यात, बाकावर न बसता जमिनीवर बसली होती. सुकलेली, काळीसावळी बाई. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. हिंमतराव पहिल्या बाकावर मागे रेलून बसले होते. त्यांचे चुलतभाऊ भगवानराव शेजारी.

नायब तहसीलदारांनी दोन नावं वाचली. अर्जुनराव, हिंमतराव. मग म्हणाले, "अर्जुनरावांच्या बाजूने कोण आहेत त्यांनी हात वर करावेत."

केसरबाई उठून उभी राहिली.

हात वर नव्हता. ती नुसती उभी होती. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. हिंमतरावांनी मान न वळवता म्हटलं, "बस वं केसर. तुही बारी मंग."

ती बसली नाही. अधिकारी त्रासून म्हणाले, "काय म्हणायचंय बाई? लवकर बोला." तिने खिडकीकडे पाहिलं. अन्नपूर्णाने काही खूण केली नाही. तिला काही सुचलंच नाही. ती गजाला धरून उभी होती, एवढंच. काठीवाल्या माणसाचा श्वास तिला ऐकू येत होता.

"चिठ्ठी," केसरबाई म्हणाली.

"काय?"

"चिठ्ठी पाह्यजे. हात नाही. चिठ्ठीनं घ्या."

हिंमतराव हसले. "साहेब, तिले लिहिता येत नाही. कोणाचं ऐकून बोलून राह्यली ते. घ्या तुमी हात."

अधिकाऱ्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं, मग खिडकीत दाटलेल्या माणसांकडे, मग त्यांची नजर अन्नपूर्णावर थांबली. ती परगावची, शिकलेली दिसते हे त्यांना कळलं असावं. त्या क्षणी तेही घाबरलेले होते, हे अन्नपूर्णाला स्पष्ट दिसलं. त्यांच्या बोटातली पेन्सिल टेबलावर टकटक वाजत होती. मग ते कोरड्या आवाजात म्हणाले, "सभासदाने मागणी केली आहे. द्यावी लागेल. लिहायची गरज नाही, फुली मारायची."

बाहेर गलका झाला. कोणीतरी ओट्यावर काठी आपटली. अन्नपूर्णाने डोळे मिटून घेतले, उघडले. अधिकाऱ्यांनी शिपायाला शाळेच्या कपाटाचं दार सताड उघडायला सांगितलं. त्या दाराच्या आडोशाला एक स्टूल ठेवलं. एकेकाने जायचं, वरचं नाव अर्जुनराव, खालचं हिंमतराव, ज्याला मत त्याच्यासमोर फुली. चिठ्ठी घडी करून डब्यात.

एकेकजण गेला. केसरबाई गेली तेव्हा कपाटाच्या दाराखाली तिचे अनवाणी पाय तेवढे दिसत होते. ती खूप वेळ तिथे होती, किंवा अन्नपूर्णाला तसं वाटलं. ओट्यावरून कोणी तरी शिवी दिली. ती बाहेर आली, चिठ्ठी डब्यात टाकली, आणि परत जमिनीवर जाऊन बसली. भगवानराव सगळ्यांत शेवटी गेले.

मोजणी झाली. अधिकाऱ्यांनी दोनदा मोजलं. मग म्हणाले, "अर्जुनराव सहा, हिंमतराव तीन."

पाच आणि चार ऐकायची सगळ्यांची तयारी होती. सहा कोणाच्या मनात नव्हते. लिंबाखाली आरोळी उठली. हिंमतराव उठले. त्यांनी केसरबाईकडे पाहिलं, पण तिथे नजर टिकली नाही. ती नजर आपल्याच बाकावर फिरली. माणसामागून माणूस, चेहऱ्यामागून चेहरा. आपल्याच माणसांत अजून एकजण होता, आणि तो कोण हे कधी कळणार नव्हतं. त्यांनी उपरणं झटकलं आणि बाहेर पडले. ओट्यावरची माणसं त्यांच्यामागे गेली. काहीजण मात्र थोडं रेंगाळून.

*

अन्नपूर्णाला फाट्यापर्यंत सोडायला पंचफुला आणि केसरबाई निघाल्या. वस्तीच्या बायांनी केसरबाईला निघताना पाणी पाजलं होतं. "मले वाटलं, मी तिथंच पडतो," ती म्हणाली. "तोंडात जीभच नोती बाई." थोडं चालून ती म्हणाली, "आज काय होईन आता आमचं?"

पुस्तकात निवडणुकीपर्यंतच होतं. निवडणुकीनंतर त्या बाईने घरी कसं जायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मागून बैलगाडीचा आवाज आला. तिघी वाटेच्या कडेला झाल्या. गाडी जोरात येत होती. केसरबाईने पंचफुलाला आपल्या मागे ओढलं. अन्नपूर्णाला पुढे उभं राहण्याचं धैर्य झालं असं नाही, ती जागची हललीच नाही एवढंच. गाडी त्यांच्याजवळ येऊन थांबली. वर भगवानराव एकटेच होते.

"बसा," ते म्हणाले.

कोणी बसलं नाही.

"बसा म्हणतो ना बाई. पाऊस येऊन राह्यला. मी फाट्यापर्यंत जातो."

अन्नपूर्णा आधी चढली, मग दोघी मायलेकी. केसरबाई पाटलांच्या गाडीत कधी बसली नव्हती. ती कडेला, पाय लोंबकळत ठेवून बसली. वाटभर भगवानराव बैलांशी तेवढे बोलत होते. फाटा दिसू लागला तेव्हा त्यांनी कासरा ओढला, आणि पुढे पाहतच म्हणाले, "केसर, वस्तीतल्या लोकांले सांग, पुढचे आठ-पंधरा रोज एकटं-दुकटं फिरू नका. गुरं आत बांधा. सरपणाचे ढीग घरापासून दूर ठेवा."

"हाव पाटील."

मग ते अन्नपूर्णाकडे वळले. वयस्क माणूस, पण चेहरा एखाद्या धास्तावलेल्या पोरासारखा दिसत होता. "आन् बाई, मी कोणाले मत देल्लं, ते मले कोणी इचारू नये. तुमी त नाहीच. घरच्या बायकोनंही नाही."

"नाही विचारणार," अन्नपूर्णा म्हणाली.

"तुमचा नियम चांगला हाय," ते म्हणाले, आणि गाडी वळवली.

एस. टी. आली. पंचफुला आईबरोबर गावातच राहणार होती, निदान या आठवड्यात. गाडी सुटली तेव्हा मायलेकी हातात हात धरून झपाझप गावाकडे निघाल्या होत्या. अन्नपूर्णा मेहकर येईपर्यंत मागच्या काचेतून रस्ता पाहत होती. मागे जीप नव्हती. तरीही तिने उतरल्यावर सरळ घर गाठलं नाही. आधी देवळाकडून वळसा घेतला.

त्या आठवड्यात गोठा जळाला नाही. हिंमतरावांनी वस्तीतल्या माणसांना कामावर बोलावणं मात्र बंद केलं. अर्जुनरावांनी काहींना काम दिलं, सगळ्यांना नाही. केसरबाई सुगीभर रोज पहाटे जानेफळच्या बाजूला चालत जाऊन मजुरी करत होती. पंचफुला पंधरा दिवसांनी कॉलेजात आली, तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. पण ती पहिल्या बाकावर बसली. जानराव परत आला नाही. त्याला खामगावच्या कॉलेजात घातलं, असं कळलं. कमिटीने अन्नपूर्णाला बोलावून समज दिली, आणि एप्रिलमध्ये नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. तिला पुढच्या साली नांदुऱ्याला हायस्कुलात काम मिळालं. आई तिथल्या बाजारातून भाजी आणायला पुष्कळ दिवस एकटी गेली नाही.

वस्तीतली विहीर त्या साली झाली नाही. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात खोदायला घेतली. खडक लागला म्हणून काम बंद पडलं, तेव्हा केसरबाईने पंचायतीच्या सभेत ते पुन्हा काढलं. तेव्हाही ती भीतभीतच बोलली, असं पंचफुलाने बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला जाताना वाटेत नांदुऱ्याला उतरून सांगितलं. सुरुंगासाठी मंजुरी मिळाली होती.

"आता कशाला भिते तुझी आई?" अन्नपूर्णाने विचारलं.

"मीबी तेच म्हटलं," पंचफुला म्हणाली. "तर मलेच म्हणे, तुह्या पेपराचं पाहा, गाडी सुटून जाईन."

अन्नपूर्णाने तिला रस्ता ओलांडून स्टँडपर्यंत सोडलं. गाडी लागलेली होती.